पुनरुच्चार

मयुरेश अमृतकरला बायकोच्या विसरण्याचा राग येत नसे. राग यायचा तो तिला जे आठवायचं, त्याचा.

विसरायची तर ती पुष्कळ. त्याच्या मावसभावाच्या साखरपुड्याला दोघं जाऊन, पंगतीत जेवून, वर अहेराची साडी घेऊन आले, आणि आठवड्यानं ऋतुजानं विचारलं, "श्रेयसचा साखरपुडा कधी आहे रे?" मयुरेश हसला. पहिल्या वेळी माणूस हसतोच. नंतर तिनं एकाच महिन्यात दोनदा घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. पुस्तकाचं एक पान तीन-तीनदा वाचायची आणि शेवटी मिटून ठेवून द्यायची. रविवारी संध्याकाळी त्यानं सांगितलेली गोष्ट बुधवारी तिच्या चेहऱ्यावर अगदी नवीकोरी असायची. बारा वर्षांच्या संसारात मूल झालं नव्हतं. दोघांचं जे काही होतं ते एकमेकांना सांगण्यातच होतं, आणि आता सांगितलेलं टिकेनासं झालं होतं.

पण तिच्या ऑफिसातल्या हर्षल वानखडेबद्दल विचारा. हर्षलच्या मुलीला भेंडी चालत नाही, कुरकुरीत तळली तर चालते. हर्षलच्या अकोल्याच्या घरी बोअरला पाणी लागलं तो दिवस मंगळवार होता. हर्षलला लहानपणी पोहायला शिकवणारे काका एका कानानं बहिरे होते. हे सगळं ऋतुजाला तोंडपाठ. पोळीचा घास मोडता मोडता सहज सांगायची, आणि समोर बसलेला नवरा हातातला घास तसाच ताटात ठेवायचा.

एका शनिवारी तर तिनं हद्द केली. त्यानं विचारलं, "काय करतेस?" तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "भाजी करून राहिले ना."

ऋतुजा धुळ्याची. तिच्या सात पिढ्यांत कुणी असं वऱ्हाडी 'करून राहिले' म्हटलं नसेल. मयुरेशनं हातातला चष्मा पुसायचं थांबवलं आणि मग तीच काच पुन्हा पहिल्यापासून पुसली. त्याचं आग्रा रोडवर चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना 'नीट दिसतंय का? आता बरोबर ना?' असं विचारून त्याला सवय लागली होती की समोरच्याला काय दिसतं ते आपल्याला कळतं.

ऋतुजा खानदेश भार नियंत्रण केंद्रात अकरा वर्षं होती. तिच्या कामाचं वर्णन ती एका वाक्यात करायची: "जेवढी वीज लागते तेवढीच त्या क्षणाला जाळ्यात असली पाहिजे, जास्त नाही, कमी नाही." सांगायला सोपं आहे. पण सत्तेचाळीस अंशांच्या धुळ्यात, जिथं माळरानावर मैलोन्‌मैल सौरपट्ट्या पसरल्यात, तिथं संध्याकाळी साडेपाचला सूर्य कलायला लागतो आणि वीज ओसरते. त्याच वेळी दुकानं, पंप, घराघरातले एसी एकदम सुरू होतात. पुढचे दोन तास फोनवरून एकेका बॅटरी-केंद्राला 'इतके मेगावॅट, इतक्या वाजता' असे हुकूम सोडून ही तफावत भरायची. एक हुकूम चुकला की तालुका अंधारात. अकरा वर्षं, दुपारी एक ते रात्री आठ, आणि त्यातले दोन तास रोज श्वास कोंडून.

चुका व्हायला लागल्यावर केंद्रानं नियम केला होता. टेबलावर दोघं बसायचं. एकानं हुकूम मोठ्यानं बोलायचा, शेजाऱ्यानं तो शब्दन्‌शब्द परत म्हणायचा, पहिल्यानं 'बरोबर' म्हणायचं, आणि मगच फोन लावायचा. याला पुनरुच्चार म्हणत. ऋतुजाचा शेजारी होता हर्षल. म्हणजे रोज साडेपाच ते साडेसात एक परका पुरुष आपल्या बायकोचा प्रत्येक शब्द कान देऊन ऐकतो, जसाच्या तसा परत म्हणतो, आणि ती त्याला 'बरोबर' म्हणते. मयुरेशला घरात बारा वर्षांत इतक्या वेळा 'बरोबर' मिळालं नव्हतं.

नियमानंही चुका थांबेनात, तेव्हा 'खूणगंध' आला.

त्याची माहिती द्यायला केंद्रानं कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं, कारण यंत्राचं अर्धं काम घरी चालायचं. डॉ. रुबीना तडवी नावाच्या मेंदूविज्ञानाच्या बाई बोलल्या. कपाळावर चष्मा ढकलून, पडद्यावर चित्रं न दाखवता, शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या.

"ताण वाईट असतो असं सरसकट नाही. कुत्रं अंगावर आलं तर तो क्षण तुम्हाला जन्मभर आठवतो, ते ताणाच्या रसायनांमुळेच. पण कुत्रं रोज, वर्षानुवर्षं अंगावर येत राहिलं तर? कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात चढलेलंच राहतं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, नवी आठवण पहिल्यांदा तिथं उतरते. सततच्या कॉर्टिसॉलनं तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात. कपाळामागचा भाग लक्ष एका जागी धरून ठेवतो, त्याचीही पकड सैल होते. म्हणून ही माणसं विसरतात. आळशी नाहीत, वेंधळीही नाहीत. दिवसभराचं सगळं जेमतेम उतरतं आणि सकाळपर्यंत पुसलं जातं."

मग त्यांनी झोपेचं सांगितलं. गाढ झोपेत मेंदू दिवसातल्या काही गोष्टी पुन्हा चालवून बघतो आणि पक्क्या करतो. थकलेल्या मेंदूला काय निवडावं ते कळत नाही, म्हणून त्याला खूण द्यायची. टेबलावर महत्त्वाचा हुकूम सुटला की बारीक छिद्रातून एक वास सुटेल, प्रयोगशाळेत बनवलेला, जगात दुसरीकडे कुठंही नसलेला. तोच वास मध्यरात्री उशाजवळच्या डबीतून येईल. नाक झोपत नाही. वास आला की मेंदू त्या वासाच्या वेळी जे घडलं तेच उगाळत बसतो. सकाळी ते पक्कं.

"डबीतली कुपी दर पंधरा दिवसांनी बदलायची. आणि कुपी जागेपणी घरात उघडायची नाही," डॉ. तडवी म्हणाल्या.

"उघडली तर?" मयुरेशनं विचारलं.

"तर त्या वेळी घरात जे चाललं असेल ते पक्कं होईल. शिवाय मेंदू आठवणीवर 'घर' आणि 'ऑफिस' असे शिक्के नीट मारत नाही. आणि ताणलेल्या मेंदूचा तर हा शिक्का सर्वांत आधी पुसट होतो. काय ऐकलं ते आठवतं, कुठं आणि कुणाकडून ते नाही. म्हणून सांगते, उघडायची नाही."

या उत्तरातलं पहिलं वाक्य मयुरेशच्या डोक्यात घट्ट बसलं. पुढचं त्यानं ऐकलं, नाही असं नाही.

चहाच्या वेळी हर्षल स्वतः भेटायला आला. बुटका, टक्कल पडत चाललेला, हसला की डोळे मिटणारा माणूस. मयुरेशनं पहिल्या नजरेत ताडलं की याच्या चष्म्याचा डावा नंबर चुकलाय, आणि त्याला उगाचच बरं वाटलं.

"नमस्कार दादा. मॅडम तुमच्याबद्दल सांगत असतात."

"काय सांगते?"

"काय सांगतात?" हर्षलनं सवयीनं आधी प्रश्न परत म्हटला आणि मग आठवू लागला. बराच वेळ आठवत राहिला. "दुकान आहे न तुमचं. चष्म्याचं."

बस, एवढंच. बायकोजवळ आपल्याबद्दल सांगायला 'दुकान' इतकंच उरलंय हे मयुरेशच्या जिवाला लागलं. हर्षलनं जाताना त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं, "काही काळजी करू नका, मॅडमकडे माझं लक्ष असते." यापेक्षा वाईट निरोप त्या दिवशी कुणी देऊ शकलं नसतं.

खूणगंधानं काम केलं. हुकमांच्या चुका थांबल्या. केंद्रात पेढे वाटले. पण वास हवेत पाच-दहा मिनिटं रेंगाळायचा, आणि दोन हुकमांच्या मध्ये माणसं गप्प थोडीच बसतात. हर्षल बोलायचा. भेंडी, बोअर, बहिरे काका, सगळं त्या वासात भिजून ऋतुजाच्या डोक्यात कायमचं जाऊन बसायचं. घरी मयुरेश जे बोलायचा ते आधीसारखंच सकाळी पुसलेलं असायचं. आता तर फरक डोळ्यांत खुपण्याइतका वाढला.

एप्रिलच्या सुरुवातीला त्यानं एक कुपी फुटली असं केंद्राला कळवलं. न फुटलेली कुपी त्यानं दुकानातल्या काचा पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि संध्याकाळी घरी आणून बैठकीच्या पडद्याला एक थेंब लावला.

ऋतुजा साडेआठला आली. चपला काढता काढता थबकली. "वास येतोय का रे?"

"तुझ्या ओढणीचा असेल. रोजच येतो."

ती मान डोलावून हात धुवायला गेली. त्या संध्याकाळी त्यानं स्वतः कढी केली होती. बाकी विशेष काही बोलणं झालं नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती म्हणाली, "कालची कढी फार छान झाली होती. मेथीदाण्याची फोडणी दिली होतीस ना?"

मयुरेश दुकानात जाईपर्यंत हसत होता. दीड वर्षात तिला घरातलं काही आठवलं त्याची ही पहिली सकाळ.

आता कुणाही शहाण्या माणसाला वाटेल, की एवढी किल्ली हातात आल्यावर त्यानं रोज काहीतरी गोड केलं असतं. जुने फोटो काढले असते, तिला शेवग्याच्या शेंगा सोलत ऐकायला आवडायच्या तशा गावच्या गोष्टी सांगितल्या असत्या. मयुरेशच्या मनातही ते होतं. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं पडद्याला थेंब लावला, ताटं मांडली, आणि तिला समोर बसवून पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग आज हर्षल काय म्हणाला?"

एकदाच विचारायचं आणि मग दुसरं बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण मत्सराचं पोट एका घासानं भरत नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, हर्षल तुझ्या किती जवळ बसतो. चौथ्या दिवशी, तो तुला नावानं हाक मारतो का. ती थकलेली असायची, सरळ उत्तर द्यायची. "मॅडम म्हणतो रे. त्याला काय करायचंय?" उत्तरानं त्याचं समाधान व्हायचं नाही, कारण उत्तर त्याला नकोच होतं.

मग एके दिवशी त्याला पुनरुच्चाराचं सुचलं.

"टेबलावर नक्की कसं बोलता ते दाखव ना. तू हुकूम दे, मी परत म्हणतो."

"घरी कशाला ते?"

"गंमत म्हणून."

ऋतुजा हसली. बऱ्याच दिवसांनी त्याच्या एखाद्या मागणीला हसली. भात कालवता कालवता तिनं रोजचाच हुकूम सांगितला. संध्याकाळचा सगळ्यात मोठा, ज्यावर शहराची अर्धी भिस्त असायची: "सोनवाडी बॅटरी-केंद्र. साठ मेगावॅट. सहा पंचवीस."

"सोनवाडी बॅटरी-केंद्र. साठ मेगावॅट. सहा पंचवीस," मयुरेश म्हणाला. "आता बरोबर ना?"

"बरोबर."

त्या 'बरोबर'नं त्याच्या अंगावरून मोरपीस फिरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. जेवण झालं की तिनं हुकूम द्यायचा आणि त्यानं परत म्हणायचा. त्याचा आवाज हर्षलपेक्षा खणखणीत आहे, असं त्यानं एकदा तिच्याकडून वदवूनही घेतलं. तिच्या सुट्ट्या सोडून, कढीच्या दिवसापासून धरून, पडद्याला थेंब लागलेल्या चौतीस संध्याकाळी झाल्या. रात्री उशाजवळची डबी आपलं काम इमानानं करत होती.

मेच्या तेवीस तारखेला मयुरेश दुकानात एका आजींना अक्षरांचा तक्ता वाचायला लावत होता. आजी तिसऱ्या ओळीवर असताना दिवे गेले. घड्याळात सहा बत्तीस झाले होते. आग्रा रोडचे सगळे दिवे एका क्षणी गेले, पलीकडे साक्रीकडच्या बाजूचाही उजेड नव्हता. पन्नास मिनिटं तीन तालुके सत्तेचाळीस अंशांत शिजत बसले. दवाखान्यांची जनित्रं चालली म्हणून तिथं निभावलं. देवपूर भागात मात्र गच्चीवरून खाली येताना एक म्हातारे गृहस्थ जिन्यात पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

साडेआठ वाजता ऋतुजा घरी आली ती हर्षलच्या स्कूटरवरून. मयुरेश दारात उभा होता. त्याही क्षणी त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच, की ही त्याच्या मागं बसून आली.

"दादा, यांना आधी पाणी द्या," हर्षल खालूनच म्हणाला आणि निघून गेला.

ऋतुजा सोफ्यावर बसली. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला, प्याली नाही. "मी सोनवाडीला सांगितलं होतं रे. हर्षल दुसऱ्या फोनवर होता, एक ट्रान्सफॉर्मर तापला होता म्हणून. वळून त्यानं विचारलं, सोनवाडी झालं का? मी म्हटलं, झालं. झालंच होतं. मी हुकूम दिला, त्यानं परत म्हटला, मी बरोबर म्हटलं. मला अजून ऐकू येतंय. पण सोनवाडीला फोन गेलेलाच नाही."

मयुरेशला ते एका क्षणात कळलं. तो समोरच्या खुर्चीत बसला. बोलायची वेळ तीच होती. पण बोललं तर पडदा, कुपी, चौतीस संध्याकाळी, सगळंच सांगावं लागलं असतं. आणि खोल कुठंतरी एक नीच विचार बोटभर उजेड दाखवून गेला: आता तिला त्या टेबलावरून उठवतील.

"झोप जरा," तो म्हणाला.

चार दिवस ती झोपली नाहीच. आरशासमोर उभी राहून पाढे म्हणायची. शेजारच्या बिल्डिंगीतल्या माणसांची नावं कागदावर लिहून काढायची आणि पुन्हा तपासायची. "माझं डोकं गेलं रे," ती एकदा अगदी शांतपणे म्हणाली. "विसरणं मला समजत होतं. पण जे झालंच नाही ते मला आठवतंय. आता माझ्यावर मीच कसा विश्वास ठेवायचा?" मयुरेशनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिला. त्या गप्प राहण्याची त्याला स्वतःलाही शिसारी येत होती, पण तोंड उघडत नव्हतं.

चौकशीला डबीसकट घरच्या माणसालाही बोलावलं होतं. लांब टेबलाच्या टोकाला मुख्य अभियंता, शेजारी डॉ. तडवी, एका बाजूला ऋतुजा आणि हर्षल. भिंतीलगतच्या खुर्चीवर मयुरेश, मांडीवर डबी घेऊन. फोनच्या नोंदी ऐकवल्या गेल्या. सहा दहाचा हुकूम होता, सहा चाळीसचा होता, सहा पंचवीसचा नव्हता. टेबलावरच्या आपसातल्या बोलण्याची नोंद ठेवत नसत.

"तुम्ही म्हणता पुनरुच्चार झाला," मुख्य अभियंता म्हणाले. "कुणी केला?"

"हर्षलनं," ऋतुजा म्हणाली. "त्याचा आवाज मला स्पष्ट आठवतोय. सोनवाडी बॅटरी-केंद्र, साठ मेगावॅट, सहा पंचवीस. आणि वर म्हणाला, आता बरोबर ना."

हर्षलनं तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरोबर आहे साहेब," तो म्हणाला. "म्हटलं होतं मी. मग फोन मीच लावतो म्हटलं, आणि त्या ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीत राहून गेला. चूक माझी आहे. मॅडमची नाही."

ऋतुजानं डोळे मिटले. त्या चार दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले. आपलं डोकं शाबूत आहे हे तिला एका माणसानं परत दिलं होतं, आणि तो माणूस नोकरी पणाला लावून साफ खोटं बोलत होता. मयुरेश सोडून खोलीत कुणालाही ते कळलं नव्हतं.

यानंतर मयुरेशनं जे केलं ते चांगलंच होतं, पण चांगुलपणानं केलं नाही, हे सांगायलाच हवं. बायको चार दिवस जळत होती तेव्हा त्याचं तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं, कारण त्याला सहन होईना. तो आवाज त्याचा होता. ते 'आता बरोबर ना' त्याचं होतं, दिवसातून वीसदा गिऱ्हाइकांना विचारायचं त्याचं वाक्य. चौतीस संध्याकाळी खपून त्यानं बायकोच्या डोक्यात एक जागा मिळवली होती, तर तिथंही पाटी हर्षलच्या नावाची. वर हर्षलच मोठ्या मनाचा ठरणार.

"तो आवाज माझा आहे," मयुरेश म्हणाला. उठून उभा राहिला तेव्हा मांडीवरची डबी खाली पडली. "याचा नाही. माझा आहे."

मग त्यानं सांगितलं. पडद्यापासून सांगितलं. डॉ. तडवींनी मध्येच दोन प्रश्न विचारले, दिवसातून किती थेंब आणि किती दिवस, आणि कागदावर लिहून घेतलं. मुख्य अभियंत्यांनी समोरचे फोनच्या नोंदींचे कागद बाजूला सारले. हर्षल मान खाली घालून बसला. ऋतुजा ऐकत होती, आणि तिचा चेहरा पाहायची हिंमत मयुरेशला शेवटपर्यंत झाली नाही.

निकाल आठवड्यानं लागला. ऋतुजावर ठपका नाही. तरी टेबलावरून तिला काढून सकाळच्या नियोजन विभागात बसवलं, जिथं घाई नसते. उशाची डबी परत घेतली. हर्षलला खोटं बोलल्याबद्दल कडक शब्दांत पत्र मिळालं. मयुरेशवर कुपी चोरल्याची तक्रार झाली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना भेटायला तो दोनदा गेला, दोन्ही वेळा त्यांच्या मुलानं दारातूनच परत पाठवलं.

डॉ. तडवींनी निघताना ऋतुजाला मयुरेशसमोरच सांगितलं, "त्या चौतीस संध्याकाळी आता पुसता येणार नाहीत. तुमच्या डोक्यात सगळ्यात पक्कं तेच बसलंय. बाकीची स्मरणशक्ती विश्रांतीनं हळूहळू येईल, आखडलेल्या फांद्या पुन्हा फुटतात. पण वर्ष-दोन वर्षं तरी धरा. तोपर्यंत आत्तासारखंच, आजचं उद्या राहणार नाही."

पंधरा दिवस ऋतुजा त्याच्याशी कामापुरतं बोलली. मग एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती उठली नाही. ताटावरच बसून राहिली आणि बोलायला लागली.

"पाच एप्रिल. कढी केली होतीस. त्या दिवशी काही विचारलं नाहीस. सहा एप्रिल. विचारलंस, आज हर्षल काय म्हणाला. सात एप्रिल. तो किती जवळ बसतो. आठ एप्रिल. नावानं हाक मारतो का. नऊ तारखेला विचारलंस, त्याची बायको दिसायला कशी आहे. मला त्या दिवशी ताप होता. कणकण होती अंगात, तुझ्या हाताला हात लागला होता माझा. दहा तारखेला..."

ती एकेक दिवस सांगत गेली. आवाज चढला नाही. तारीख, प्रश्न, तिनं दिलेलं उत्तर, ताटात काय होतं, बाहेर कुठला हॉर्न वाजत होता. मयुरेशनं इतकी वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते सगळं होतं तिथं. घरातली एकेक संध्याकाळ, शब्दन्‌शब्द. तो ऐकत राहिला आणि उष्ट्या हातावरचा भात वाळून गेला.

"हर्षल कधी घरातलं बोलायचा, कधी नाही," ती शेवटी म्हणाली. "तसा मी त्याचा विचारही करत नसे. आता डोळे मिटले की तो दिसतो. तू आणून बसवलास त्याला. चौतीस दिवस मिळाले होते तुला, मयुरेश. काहीही ठेवता आलं असतं माझ्यापाशी. त्यात एकदाही तू मला विचारलं नाहीस, की ऋतू, तू कशी आहेस."

भिंतीवरचा पंखा फिरत होता. पडदा तिनं धुवायला टाकला होता, खिडकी उघडीच होती.

"कशी आहेस?" मयुरेशनं विचारलं. मग ताट बाजूला सारून त्यानं पुन्हा विचारलं. "ऋतू, कशी आहेस तू?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग सांगायला लागली. खूप वेळ सांगत होती. टेबलावर बसल्यावर साडेपाच वाजूच नयेत असं वाटायचं ते, फोन वाजला की दचकायची ते, आपण नवऱ्याची वाक्यं विसरतो हे कळायचं तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडायची ते. आपलं मूल झालं असतं तर त्याचंही नाव विसरलो असतो का, अशी एकदा भीती वाटली होती ते. मध्ये ती रडली, मग थोडी हसलीसुद्धा. मयुरेशनं एकदाही तिला तोडलं नाही. हर्षलचं नाव निघालं नाही. उठताना तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि क्षणभर तसाच राहू दिला.

सकाळी त्यानं चहा केला. दोन कप घेऊन तो गॅलरीत गेला. ऋतुजा कठड्याला टेकून खाली बघत होती. त्यानं कप पुढं केला आणि म्हणाला, "काल तू जे बोललीस ना, बरं केलंस."

ऋतुजानं कप घेतला. वाफेवर फुंकर घातली. कपाळाला आठी घालून आठवायचा प्रयत्न केला, खरोखर मनापासून केला.

"काल?" ती म्हणाली. "काल काय बोललो आपण?"